अमेरिकेचे फॉर्म आणि आमचा हेल्पडेस्क

मागच्या महिन्यात इथे सिंगापूरला मराठी मंडळींच्या एका जेवणात शेजारच्या बाईंनी मला विचारलं, "तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "अमेरिकेतल्या लोकांनी भरायचे फॉर्म बनवते." त्यांनी "अच्छा" म्हणून लगेच श्रीखंडाकडे मोर्चा वळवला. चूक त्यांची नाही. फॉर्म या विषयावर कोण काय बोलणार! पण तुम्हाला सांगते, सहा वर्षांत माझ्याकडे इतके किस्से साठलेत की फोनमधल्या फोटोंसारखी गत झालीय. डिलीट करवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही. सांगायला लागले की ऐकणारे हसतात. माझं मात्र दर वेळी डोकं तापतं.

आधी माणसं सांगते. ऑफिस वन-नॉर्थला, कंपनी छोटी. अमेरिकेतल्या लहानसहान सरकारी कचेऱ्या आणि कर्ज देणाऱ्या, कर्ज वसूल करणाऱ्या कंपन्या यांच्या वेबसाइट आम्ही बनवतो. वेबसाइटवर कोणी अडलं तर हेल्पडेस्कही आमचाच. तिकडे संध्याकाळ तेव्हा इकडे सकाळ, त्यामुळे तिकडच्या तक्रारी आमच्या पहिल्या कॉफीबरोबर येतात. टीम चौघांची. मी वर्षा, मूळची नागपूरची, राहते क्लेमेंटीला भाड्याने. मंदार आमचा मॅनेजर, पुण्याचा. एरवी मी त्याला 'अरे मंदार' म्हणते, चिडले की 'सर' म्हणते. हुई मिन सिंगापूरचीच, इथल्या सगळ्यांसारखी वाक्याच्या शेपटीला 'लाह' लावणारी. वेबसाइट दिसायला कशी असेल ते ती ठरवते. आणि लोरेन. वय अठ्ठावन्न, अमेरिकेच्या दक्षिणेकडची, कृष्णवर्णीय. तिकडच्या सरकारी कचेरीत वीस वर्षं काढून इकडे आली. तिकडचा कायदा आम्हाला तीच समजावते. समजावताना बऱ्याचदा डोळे मिटून घेते.

* * *

एका काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं समजा, पोस्टाने होणाऱ्या मतदानाचं काम आमच्याकडे होतं. मतपत्रिका घरी येते, लिफाफ्यावर सही करून परत पाठवायची. सही जुन्या सहीशी जुळली नाही तर मत बाजूला काढून ठेवतात, आणि मतदाराला आमच्या वेबसाइटवर येऊन कारण द्यावं लागतं. कारणांची यादी काउंटीने दिलेली. लग्न, घटस्फोट, कोर्टाच्या हुकमाने नावात बदल. संपली यादी!

"चौथं एक 'इतर' ठेवू या का?" मी कॉलवर विचारलं होतं.

"नको. 'इतर' ठेवलं की लोक काहीही लिहितात," तिकडचे अधिकारी म्हणाले.

निवडणुकीच्या दोन आठवडे आधी एका आजोबांचा फॉर्म आला. वय वर्षं एक्याऐंशी. सही बदलण्याचं कारण : लग्न.

मंदार खूश! "बघा, बघा! याला म्हणतात उमेद!" म्हणत त्याने स्क्रीन आमच्याकडे वळवली.

आता 'लग्न' निवडलं की वेबसाइट जोडीदाराचं नाव विचारते. ते भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. आजोबांनी नाव भरलं होतं. अर्धांगवायू.

आजोबांचा उजवा हात गेला होता, म्हणून डाव्या हाताने सही केली होती. लोरेनने तिथल्या तिथे काउंटीला फोन लावला, सगळं समजावून सांगितलं. पलीकडच्या बाईंनी सगळं लिहून घेतलं, 'नक्की बघतो' म्हणाल्या. तीन दिवसांनी निकाल आला. अर्ज नामंजूर.

कारण : लग्नाचा दाखला जोडलेला नाही!

* * *

दुसऱ्या एका काउंटीने मतदान केंद्रं कमी केली. सात होती, दोन ठेवली. आम्हाला फक्त नकाशावरचे पाच ठिपके पुसायचे होते. पुसता पुसता माझ्या लक्षात आलं की पाचही ठिपके रेल्वेच्या रुळांच्या एकाच बाजूला आहेत.

मी तसं म्हटल्यावर लोरेन आपल्या जागेवरून म्हणाली, "कुठली बाजू ते न बघता सांगू?" आणि तिने बरोबर सांगितली, कृष्णवर्णीयांच्या वस्तीची. त्या गावात ती आयुष्यात कधी गेलेली नव्हती!

मला राहवेना. इथे माझ्या घरातून उतरलं की दोन मिनिटांवर बसचा स्टॉप आहे, तिकडे त्या बाजूच्या माणसाला नवं केंद्र अकरा मैल. मधे बस नाही, गाडी नाही, काही नाही. कॉलवर मी मुद्दाम विचारलं, "ज्यांच्याकडे कार नाही ते लोक कसे येतील?"

अधिकारी फार सभ्य माणूस. मनापासून म्हणाले, "त्याची काळजीच करू नका, मॅडम. नव्या केंद्रावर पार्किंगला भरपूर जागा आहे!"

आणि ते वाक्य वेबसाइटवर ठळक अक्षरांत टाकायला सांगितलं.

* * *

एक कंपनी होती, पगार होईपर्यंत लोकांना उसने पैसे देणारी. त्यांच्या पानावर दोन बटणं. एक 'कर्ज फेडा', दुसरं 'मुदत वाढवा'. मुदत वाढवली की फी भरायची, आणि मूळ रक्कम जशीच्या तशी डोक्यावर. पुढच्या पगाराला पुन्हा तेच. हुई मिनने दोन्ही बटणं सारख्या मापाची केली होती.

कंपनीला ते आवडलं नाही. 'मुदत वाढवा' मोठं हवं, हिरवं हवं, सगळ्यात वर हवं. 'कर्ज फेडा' खाली, बारीक, राखाडी.

"असं का?" हुई मिनने विचारलं.

"आमच्या ग्राहकांना पर्याय आवडतात," कंपनीचा माणूस म्हणाला.

हुई मिन मीटिंगमध्ये एरवी दोन शब्द बोलते, त्यातला एक 'ओके'. त्या दिवशी तिने माइक जवळ ओढला. "मी लहान होते तेव्हा आमच्या इमारतीत एका शेजाऱ्याच्या दारावर सावकाराच्या माणसांनी लाल रंग फेकला होता. बेकायदा सावकार. सगळ्या मजल्याला कळलं की हा माणूस अडकलाय. माझ्या आईने त्याच्याकडे भात नेऊन दिला. तुमचं बरं आहे, लाह! तुम्ही हिरवा फेकता, कोणाला कळतसुद्धा नाही."

मंदारचा चेहरा पांढरा पडला. तिकडचा माणूस मात्र खो खो हसला. "तुमच्या टीमला विनोदबुद्धी आहे हं!" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ते काम हुई मिनकडून काढून घेतलं. बटण हिरवं झालं. आणि वर्षअखेरीला तिच्या कामाच्या शेऱ्यांत आमच्या कंपनीने लिहिलं, 'रंगांच्या बाबतीत थोडी हट्टी.'

* * *

मंदारचं एक ठाम मत होतं. अमेरिकन माणूस बेजबाबदार. वसुलीच्या कंपनीकडून एखादी तक्रार आली की त्याचं सुरू. "कार्ड आहे म्हणून घासायचं आणि मग रडायचं! आपल्या आईवडिलांनी केलं का कधी असं?"

मग गेल्या जूनमध्ये आमच्या कंपनीने त्याला तीन आठवड्यांसाठी अमेरिकेला पाठवलं. शाळेला सुट्टी होती म्हणून बायकोला आणि नऊ वर्षांच्या ईरालाही नेलं. तिसऱ्याच दिवशी बागेतल्या झोपाळ्यावरून ईरा पडली. हनुवटी फुटली. कोणा भल्या बाईने ॲम्ब्युलन्स बोलावली, हॉस्पिटल दोन गल्ल्या पलीकडे. तीन टाके. पोरगी दुसऱ्या दिवशी पुन्हा झोपाळ्यावर!

हे परत आले सिंगापूरला, बिशानच्या घरी, आणि मागोमाग बिलं आली. हॉस्पिटलचं वेगळं, डॉक्टरचं वेगळं, ॲम्ब्युलन्सचं वेगळं. विमा होता. पण ॲम्ब्युलन्सचे पैसे द्यायला विमावाल्यांनी नकार दिला, कारण ती ॲम्ब्युलन्स त्यांच्या यादीतली नव्हती.

"म्हणजे मी काय करायला हवं होतं?" मंदार ऑफिसात येरझाऱ्या घालत ओरडत होता. "पोरीचं रक्त वाहतंय, आणि मी ड्रायव्हरला विचारू, 'भाऊ, तू यादीत आहेस का?'"

घरी ईराने हिशेब आधीच लावला होता. "बाबा, टॅक्सी वॉज चीपर, लाह!"

विमावाल्यांशी भांडण्यात चार महिने गेले आणि बिल वसुलीला गेलं. एका सकाळी त्याला ईमेल आली, इथे क्लिक करून पैसे भरा. त्याने क्लिक केलं. पानाने चौदा आकडी नंबर मागितला, तो दिला. फोन नंबर मागितला, तो सिंगापूरचा म्हणून घेईना. बायकोच्या मैत्रिणीचा अमेरिकेतला नंबर टाकला, तोवर पान म्हणालं, तुमची वेळ संपली, पुन्हा सुरुवात करा. असं तीनदा झालं.

"कुठल्या गाढवाने बनवलंय हे पान!"

मी जाऊन त्याच्या खांद्यावरून पाहिलं. "सर," मी म्हटलं, "आपणच."

त्याने ऐकलं नाही. तो पानावर दिलेला मदतीचा नंबर फोनवर दाबत होता. दोन टेबलं सोडून हुई मिनचा फोन वाजला. तिने त्याच्याकडे बघत बघतच उचलला. "आपण फोन केल्याबद्दल आभारी आहोत. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे."

त्या दिवसापासून 'बेजबाबदार' हा शब्द आमच्या ऑफिसात कोणी ऐकलेला नाही.

* * *

हा किस्सा छोटासा आहे. मतदार नोंदणीच्या फॉर्मवर 'राहण्याचा पत्ता' भरावाच लागतो. घर नसलेल्या माणसाने काय करायचं? त्याचा कायदा आहे. कागदी फॉर्मवर एक चौकोन असतो, त्यात आपण झोपतो त्या जागेचा नकाशा काढायचा. वेबसाइट बनवताना तो चौकोन गळला. कोणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्याही नाही, हे कबूल करते.

एका बाईंनी वहीच्या पानावर नकाशा काढला आणि त्याचा फोटो हेल्पडेस्कला पाठवला. मोठं दुकान, त्याच्यासमोर गाड्या लावायची जागा, एक झाड, आणि झाडाखाली फुली. फुलीशेजारी सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'तिसऱ्या ओळीतली निळी गाडी. रात्री दहा वाजायच्या आत आलात तर मी गाडीत भेटणार नाही. तोवर मी याच दुकानात काउंटरवर असते.'

तो चौकोन मी त्याच दिवशी घातला. त्या बाईंची नोंदणी झाली. त्या वर्षी एवढी एकच गोष्ट आमच्या हातून धड झाली असेल.

* * *

दुपारी आम्ही चौघं हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या स्वस्त खाण्याच्या गाळ्यांवर, जेवतो. एकदा मंदार घरांच्या किमतींवर बोलत होता. बोलता बोलता म्हणाला, "बाबांनी पुण्यात एक फ्लॅट करून ठेवलाय म्हणून मला निवांत झोप लागते."

लोरेन शांतपणे नूडल्स खात होती. म्हणाली, "माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धावरून परत आले तेव्हा घरासाठी कर्ज मागायला गेले. काळा माणूस बघून बँक म्हणाली, 'देऊ, पण त्या गल्लीत नाही, आणि त्या गल्लीतही नाही.' ज्या गल्लीत बँक हो म्हणाली त्या गल्लीत विकायला घरच नव्हतं! म्हणून वडील जन्मभर भाड्याने राहिले. म्हणून मी कर्ज काढून शिकले. अजून फेडतेय."

"अजून?" मंदारचा घास हातातच राहिला.

"अजून. आणि दोन वर्षांपूर्वी मुलीने त्याच कॉलेजात प्रवेश घेतला. त्याच कंपनीचं कर्ज. जामीन म्हणून मी सही केली." तिने ओठ पुसले. "पुढच्या आठवड्यात त्यांचं कार्ड आलं. फुलांचं चित्र असलेलं. आत छापलं होतं, 'आपल्या कुटुंबाच्या दुसऱ्या पिढीची सेवा करण्याची संधी मिळाली, याचा आम्हाला अभिमान वाटतो!'"

* * *

नुसती अमेरिकेला नावं ठेवते असं वाटायला नको, म्हणून हा माझा.

परदेशात राहणाऱ्या भारतीयाला मत द्यायचं तर स्वतः घरी जावं लागतं. मागच्या निवडणुकीला मी रजा काढली, तिकीट काढलं, नागपूरला गेले. माझे बाबा पोस्टमन होते. मतदानाच्या आदल्या दिवशी ते पांढरा शर्ट कडक इस्त्री करून ठेवतात, लग्नाला जायचं असल्यासारखा. आम्ही दोघं विहाराशेजारच्या शाळेत गेलो. बाबांचं नाव यादीत होतं. माझं नव्हतं.

"मॅडम, तुम्ही बाहेर असता ना? मग कोणीतरी कळवलं असेल, आणि काढलं असेल," तिथला माणूस म्हणाला.

"कोणी कळवलं?" बाबांनी विचारलं.

"ते आता कसं सांगणार, काका! तुम्ही तर मत द्या."

"हिचं नाव कुठे गेलं ते सांगा, मग देतो," बाबा म्हणाले आणि बाकावर बसले. चार तास बसले! माणसं येऊन समजावून गेली. शेवटी केंद्र बंद व्हायच्या जरा आधी मीच हात जोडले, तेव्हा उठून मत देऊन आले.

सोमवारी ऑफिसात लोरेनने उत्साहाने विचारलं, "दिलंस मत?"

"नाव नव्हतं यादीत."

तिने क्षणभर डोळे मिटले. "कारण काय दिलं? 'इतर'?"

* * *

आता मिस्टर एव्हरेट.

हे एकसष्ट वर्षांचे, छपरं दुरुस्त करणारे. तरुणपणी तुरुंगात गेले होते, शिक्षा पूर्ण भोगून बाहेर आले, त्यालाही वीस वर्षं झाली. त्यांच्या राज्यात असा नियम आहे की शिक्षा भोगून झाली तरी कोर्टाचे दंड आणि फी पैन् पै फिटेपर्यंत मताचा हक्क परत मिळत नाही. त्यांनी इतकी वर्षं हप्ते भरले होते. त्यांना एवढंच हवं होतं की कोणीतरी सांगावं, किती राहिले?

कोर्ट म्हणालं, वसुलीच्या कंपनीला विचारा. कंपनी म्हणाली, वेबसाइटवर बघा. वेबसाइट आमची. तिच्यावर दोनशे बारा डॉलर शिल्लक दिसत होते. नोंदणीची मुदत संपायला सहा दिवस होते. त्यांनी लगेच कार्डाने दोनशे बारा डॉलर भरले.

दुसऱ्या दिवशी शिल्लक चार डॉलर. कार्डाने पैसे घेतल्याची फी! ती त्याच खात्यावर चढली होती. त्यांनी चार डॉलर भरले. तिसऱ्या दिवशी शिल्लक चार डॉलर.

तेव्हा त्यांचा पहिला फोन आला. लोरेनने घेतला. आवाज एकदम शांत. "मॅडम, मी चार भरले की चार राहतात. असे किती वेळा भरू ते सांगा, मी भरतो."

लोरेनने त्यांना पोस्टाने पैसे पाठवायला सांगितलं, पण कंपनी म्हणाली, जमा व्हायला दहा दिवस लागतील. मी पाहिलं तर दुरुस्ती एका ओळीची होती. ही फी खात्यावर चढवू नका, बस्स! आम्ही कंपनीकडे परवानगी मागितली. उत्तर आलं, बदलाचा अर्ज भरा, पाच कामाचे दिवस लागतील. मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला तरी अर्ज तसाच पडून.

आमच्याकडे सकाळचे अकरा वाजले होते. तिकडे मुदत संपायला एक तास. मंदार माझ्या टेबलाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "बदल ती ओळ."

"परवानगी?"

"माझ्या नावावर टाक. नोकरी गेली तर बघू."

बिशानच्या फ्लॅटचं भाडं, ईराची शाळा, त्याचा इथे राहायचा पास, सगळं त्या नोकरीवर होतं. मी ओळ बदलली, आणि लोरेनने मिस्टर एव्हरेटना फोन करून शेवटचे चार डॉलर भरायला सांगितले. पण त्या वेबसाइटवरचे आकडे दिवसातून एकदाच ताजे होतात, तिकडच्या मध्यरात्रीनंतर. हे मला माहीत होतं, मंदारलाही माहीत होतं. तरी आम्ही चौघं स्क्रीनसमोर उभे राहून पान पुन्हा पुन्हा उघडत होतो. शून्य दिसलं तेव्हा इकडे दुपारचे बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

लगेच फोन वाजला. तेही तिकडे पान उघडून बसलेले होते. लोरेनने स्पीकर लावला.

"मॅडम, शून्य दिसतंय."

"हो, मिस्टर एव्हरेट." लोरेन म्हणाली. "पण नोंदणी दहा मिनिटांपूर्वी बंद झाली."

मग त्यांनी विचारलं, "तुम्ही लोक बोलताय कुठून?"

"सिंगापूरहून."

"तिथे कसं असतं मतदान?"

लोरेनने हुई मिनकडे पाहिलं. हुई मिन फोनपाशी वाकली. "आमच्याकडे मत द्यावंच लागतं, सर. नाही दिलं तर यादीतून नाव काढतात. ते परत घालायला गेलं की सरकार विचारतं, 'तुम्ही का आला नाहीत?'"

"पुन्हा सांगा."

तिने पुन्हा सांगितलं.

"सरकार विचारतं?"

"हो, सर."

मिस्टर एव्हरेट हसले की काय, कळलं नाही. "मला सरकारने आजवर पुष्कळ विचारलंय, मॅडम," ते म्हणाले. "कुठे होतास, कोणाबरोबर होतास, खिशात काय आहे, पैसे कधी देतोस. पण 'का आला नाहीस' असं एकदासुद्धा विचारलं नाही."